फाल्गुनातला उकाडा आणि डोंगरावरचा वळीव

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपण म्हणतो. कोकणपट्टीत ती इतक्या झटपट पळते की अंगाला सवय होण्याआधीच उन्हाळा दारात उभा असतो. कडक ऊन म्हणजे मे महिना अशी आपली समजूत असते. पण मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. मे महिन्यात समुद्रावरचा वारा लवकर सुटतो. मार्चमध्ये काही दिवस जमिनीकडून येणारा पूर्वेचा कोरडा वारा त्याला दुपारपर्यंत अडवून धरतो आणि पारा एकदम चढतो.

अशा वेळी सर्वांत जास्त धोका असतो तो सवय नसलेल्या शरीराला. उन्हात रोज थोडे थोडे काम केले, तर आठवडा-दोन आठवड्यांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया, पत्रे उतरवणारा नवा कामगार किंवा सुटी संपवून परतलेला जुना कामगार यांना हा अवधी मिळत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातील कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवावा, असा कामगार-आरोग्याचा संकेत आहे. मुकादमाला हे परवडत नाही, हे खरे. पण माणूस कोसळला तर तेही परवडत नाही.

आपल्याकडची दुसरी अडचण दमटपणाची. एक लिटर घाम अंगावर सुकला, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. घाम नुसता निथळून गेला, तर फायदा जवळजवळ शून्य. हवेत बाष्प भरलेले असले की घाम सुकतच नाही. म्हणून किनाऱ्यावरचे ३८ अंश हे विदर्भातल्या ३८ अंशांसारखे नसतात. हवामान खातेसुद्धा मैदानी भागात ४० अंशांनंतर उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांनंतरच.

आपल्या शेजारच्या खारघरमध्ये १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर तापमान सुमारे ३८ अंशच होते. तापमापकाचा आकडा पाहून ‘एवढे काही नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उन्हाचा त्रास पायरीपायरीने वाढतो. आधी पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, गरगरते, अंग घामाने थबथबते. या पायरीवर सावलीत आडवे करणे, कपडे सैल करणे आणि घोट घोट मीठ-साखरेचे पाणी देणे पुरते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण मोडू नये. ताक, कैरीचे पन्हे, कोकम सरबत चांगलेच. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेताने घ्यावे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आताच विचारून ठेवावे. खिशात कांदा ठेवायला आमची हरकत नाही, पण सोबत पाण्याची बाटली हवी.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, बेशुद्ध झाला किंवा झटके आले, की तो उष्माघात समजावा. अंग कोरडे पडेल तेव्हाच उष्माघात, ही समजूत चुकीची आहे. श्रमाच्या कामातील उष्माघातात अंग घामाने ओलेही असते. १०८ क्रमांकावर कळवावे, पण गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा, काखेत, मानेला व जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पूर्वेला प्रबळगड, माथेरानच्या बाजूला काळे ढग चढताना दिसतात. समुद्राकडची दमट हवा तापून डोंगरांवर चढते, थंड होते आणि त्यातून वळीव उभा राहतो. ‘आला पाऊस, आता गारवा’ म्हणून आपण सुखावतो. पुष्कळदा तो घाटातच कोसळून संपतो. आपल्या वाट्याला ढगाळ आभाळ आणि आणखी उकाडा येतो. म्हणून ढग आले तरी पाणी पिणे थांबवू नये.

सुटीच्या दिवशी मुले कर्नाळा, प्रबळगडावर जातात. त्यांनी पहाटे निघून दुपारच्या आत खाली यावे. वीज दिसल्यावर सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत, एवढे पुरे. सुळका, माथा, एकटे झाड, लोखंडी कठडा आणि पाणवठा सोडावा. पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन जवळपासच्या विजेची सूचना देते. निघण्यापूर्वी ते पाहावे.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, या भीतीने लोक लांब उभे राहतात आणि वाचू शकणारा माणूस जातो. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास बंद असेल तर पाठीवर झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे. एकाने दाबावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा, आणि मदत येईपर्यंत आळीपाळीने हे चालू ठेवावे.