नाताळचा फराळ, मध्यरात्रीची मिस्सा आणि मधुमेह

डिसेंबर उजाडला, की सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागातील ख्रिस्ती घरांत फराळाची लगबग सुरू होते. नेवऱ्या, कलकल, दोदोल होतात. केकचे मिश्रण घरी कालवून बेकरीच्या भट्टीवर भाजायला जाते. शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे पोहोचतात. संध्याकाळी मंडळी गोठ्यांचे देखावे आणि चांदण्यांची रोषणाई पाहायला निघतात, काही जण गोव्यापर्यंत जातात. ह्या दिवसांत मधुमेही रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, केक खाल्ला तर चालेल का?"

ज्यांची साखर आटोक्यात आहे, त्यांनी लहानसा तुकडा जेवणाबरोबर खाण्यास हरकत नाही. मात्र त्या जेवणात भात किंवा पोळी तेवढी कमी करावी. दोदोल गुळाचा, म्हणून तो चालतो, हा समज चुकीचा आहे. गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. बेबिंकमध्ये साखर, तूप, नारळाचा रस आणि अंड्यांचा बलक असतो. त्याची चव घ्यावी, पोट भरू नये.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सणात साखर वाढेल ह्या धास्तीने अनेक जण रात्रीचे जेवण टाळतात, किंवा 'आज गोड झाले' म्हणून एक गोळी जास्त घेतात. काही जण गोळी वा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतात आणि जेवण मिस्सेनंतरवर ढकलतात. ह्या तिन्ही सवयींनी साखर एकदम उतरू शकते. वाढलेली साखर बहुधा हळूहळू नुकसान करते, पण उतरलेली साखर थोड्याच वेळात माणसाला बेशुद्ध करू शकते. हा धोका मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ह्या गोळ्यांमुळे असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या रात्री एका साठीच्या गृहस्थांना माझ्याकडे आणले होते. चर्चच्या आवारात ते अडखळत चालत होते, असंबद्ध बोलत होते. 'जास्त झाली असेल' म्हणून लोकांनी त्यांना बाकावर बसवून ठेवले. त्यांनी थेंबभरही घेतलेली नव्हती. संध्याकाळी इन्सुलिन घेतले होते आणि पोटात अन्न नव्हते. मुलीने त्यांचा घामाने भिजलेला सदरा पाहिला, म्हणून ते वेळेत आले. साखर 38 होती.

म्हणून लक्षणे ध्यानात ठेवा. थंडीतही दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. साखर 70 च्या खाली गेली, की उपाय तातडीने करावा. मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर लक्षणांवरूनच करावा. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या. अशा वेळी केक देऊ नका. त्यातील तूप-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना ग्लुकोजच द्यावे, कारण त्या गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवतात. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या. बरे वाटल्यावर पाव-भात खायला घाला आणि डॉक्टरांना दाखवा, कारण गोळ्यांचा परिणाम कित्येक तास राहून साखर पुन्हा उतरू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

वाइन किंवा फेणी रिकाम्या पोटी घेणे मधुमेह्यांना विशेष घातक. एरवी साखर उतरू लागली, की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. मद्यामुळे ह्या कामात अडथळा येतो. त्यामुळे रात्री घेतलेल्या मद्याने पहाटे झोपेतही साखर उतरू शकते.

काही वयस्क मंडळी कम्युनियनसाठी संध्याकाळपासून उपाशी राहतात. 1964 पासून कॅथलिक चर्चने हा उपवास एका तासाचाच ठेवला आहे. वृद्ध आणि आजारी माणसांना तोही बंधनकारक नाही. शंका असेल तर आपल्या फादरना विचारा. जेवण नेहमीच्या वेळी उरकूनच मिस्सेला निघा. वेळ बदलणारच असेल तर औषधाचे काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबतच्या माणसाला सांगून ठेवा.