परभाषिक इंग्रजी शिक्षकाचे मराठी शिक्षण : जालना जिल्ह्यापुरता विचार

परमुलखात इंग्रजी शिकवावयास गेलेल्या शिक्षकास तेथील भाषा नुसत्या वास्तव्याने आपोआप येते, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु अनुभव बहुधा उलटाच येतो, कारण सहकारी, विद्यार्थी, घरमालक असे भोवतालचे सर्वजण त्याच्याकडून इंग्रजीचाच सराव करून घेऊ पाहतात आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात, जेथे अस्खलित इंग्रजी कानी पडण्याचे प्रसंग विरळ असतात, ही ओढ अधिकच तीव्र होते. परिणामी वर्ष उलटले तरी त्याचे मराठी नमस्कार, चहा आणि रिक्षाचे भाडे यांपलीकडे जात नाही, व आपण काय गमावले हेही त्याच्या ध्यानी येत नाही.

जुन्या मिशनऱ्यांनी हा क्रम निराळा ठेवला होता. १८२९ मध्ये मुंबई इलाख्यात आलेल्या जॉन विल्सन यांनी आरंभीचे महिने कोकणात मराठीच्या अभ्यासास दिले आणि इंग्रजी शाळा त्यानंतर, १८३२ मध्ये, काढली. जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारणारे नारायण शेषाद्री तर मूळचे मराठी भाषक होते. मुंबईतील मिशनच्या इंग्रजी शिक्षणातून पुढे आलेल्या शेषाद्रींना येथील लोकांची भाषा नव्याने शिकावी लागली नाही. त्या मंडळींच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयी मतभेद असू शकतील, तथापि शिकवण्याआधी ऐकावे लागते, ही त्यांची शिस्त आजही उपयोगी आहे.

येथे येणाऱ्याने प्रथम हे जाणावे की पुस्तकातील मराठी आणि जालन्यातील मराठी यांत अंतर आहे. १९८१ मध्ये स्वतंत्र झालेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती; त्यामुळे दखनी, म्हणजे दख्खनेत घडलेली उर्दूची बोली, आजही शहरात ऐकू येते, तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते आणि पोलाद कारखान्यांतील परप्रांतीय कामगारांमुळे हिंदीचाही वावर असतो. मराठवाड्यातील बोलीत ‘काय करायलास?’ असा प्रश्न आला, तर तो चालू क्रियेविषयीचा असतो. प्रमाण मराठीचे, म्हणजे शिक्षणात व ग्रंथांत मान्य झालेल्या रूपाचे, व्याकरण पाठ केलेला नवखा मात्र तेथे हेतू शोधत बसतो.

दुसरा धोका शिकवणारा कोण यातून उद्भवतो. मुलांकडून मराठी शिकणारा शिक्षक वडीलधाऱ्यांनाही ‘तू’ म्हणू लागतो, तर घरमालकिणीकडून शिकणारा पुरुष ‘मी येते’ असे बोलू लागतो, कारण मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदही बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. यास्तव ‘तुम्ही’ हेच रूप आधी पक्के करावे आणि शक्यतो ज्याला आपल्याकडून इंग्रजी नको आहे अशा प्रौढ व्यक्तीकडे, ठरलेल्या वेळी, मोबदला देऊन शिकावे. आठवडी बाजार व एसटीचा थांबा ही त्या धड्याच्या उजळणीची उत्तम ठिकाणे होत, कारण तेथे समोरच्याला आपले काम उरकायचे असते.

या श्रमाचे फळ वर्गात दिसते. मातृभाषेचा प्रभाव, म्हणजे पहिल्या भाषेची रचना दुसऱ्या भाषेत उतरणे, ओळखता आला की विद्यार्थ्यांच्या चुका हलगर्जीपणाच्या वाटेनाशा होतात: मराठीत ‘ए’ व ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत म्हणून ती गळतात, आणि ‘मला भूक लागली’ या वाक्यात भुकेला माणूस कर्ता नसल्यामुळे इंग्रजी वाक्याचा आरंभ कोठून करावा याविषयी विद्यार्थी अडखळतो. मात्र हे ज्ञान निदानासाठी वापरावे. तासिकेचा बराचसा वेळ मराठीत गेला, किंवा शिक्षकाच्या मराठीवर हसण्यातच वर्ग रमला, तर ज्यासाठी मुले बसली आहेत तेच राहून जाते.

निमंत्रण देणाऱ्या संस्थांनीही काही पथ्ये पाळावीत. परदेशी शिक्षकास पर्यटक व्हिसावर बोलावू नये. रोजगार व्हिसासाठीच्या किमान वेतनाच्या अटीतून अन्य परकीय भाषांच्या शिक्षकांना मिळणारी सवलत इंग्रजीच्या शिक्षकांना दिली जात नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि ऊसतोडीस कुटुंबे गेल्यावर पटावरील मुले कमी दिसतात, तेव्हा पाठ्यक्रमाची आखणी त्या हिशेबाने करावी आणि पाहुण्यास एकट्याने वर्ग न देता स्थानिक शिक्षकासह सहअध्यापन, म्हणजे दोघांनी मिळून एकच तास घेणे, ही पद्धत स्वीकारावी. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जात असल्याने येथील शिक्षकांजवळ मुलांच्या चुकांचा मोठा अनुभव साठलेला आहे; पाहुण्याचा उच्चार आणि त्यांचा हा अनुभव एकत्र आले, तरच अशा नेमणुकीवरील खर्च सार्थकी लागतो.