मार्कंड्याची मंदिरे

वैनगंगा सामान्यतः दक्षिणेकडे वाहते. परंतु चामोर्शीजवळच्या मार्कंडा गावी ती वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे जाते. उत्तरवाहिनी नदीचा काठ आपल्याकडे पवित्र मानतात. याच काठावर नवव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान मंदिरांचा एक समूह उभा राहिला. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८२ पूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे.

इ. स. १८७३-७४ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे प्रमुख कनिंगहॅम येथे आले. १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद अशा आवारात त्यांना लहानमोठी सुमारे वीस मंदिरे आढळली. काही सुस्थितीत होती, काहींची पडझड झाली होती.

मुख्य मंदिर शंकराचे आहे. प्रथम अर्धमंडप, मग प्रशस्त महामंडप, त्यापुढे चिंचोळे अंतराळ व अखेरीस गर्भगृह. पाऊल पुढे पडावे तसा उजेड मंदावत जातो. बाहेरच्या भिंतींवर मात्र भरउन्हात देवदेवता, सुरसुंदरी, हत्ती आणि सिंह यांच्या रांगा कोरलेल्या आहेत. हे काम पाहताना घाई करून चालत नाही.

या मंदिरावर एकदा वीज कोसळली. कनिंगहॅम यांच्या माहितीप्रमाणे ही घटना त्यांच्या भेटीपूर्वी सुमारे दोनशे वर्षांची होय. शिखराचा वरचा भाग तुटून महामंडपाच्या छतावर आदळला. पुढे एका गोंड राजाने डागडुजी करविली. गवंड्यांनी आत जाडजूड खांब व कमानी उभारून छताला आधार दिला. नाजूक कोरीव स्तंभांशेजारी हे खांब फारच ओबडधोबड दिसत, आणि कनिंगहॅम यांनी त्यांना नावे ठेवली. परंतु त्या गवंड्यांपुढे प्रश्न सौंदर्याचा नव्हता, ढासळू पाहणारे छत सावरण्याचा होता.

अलीकडे पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धारासाठी मंदिराचे दगड उतरविले. हे काम कित्येक वर्षे रेंगाळले. अशा मंदिरातील प्रत्येक दगड त्याच्या जागेपुरताच घडविलेला असतो. तो उतरविताना त्यावर खूण केली नाही, तर पुन्हा बसविताना शेजारच्या दगडाशी त्याचा सांधा जुळत नाही.

महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या गावांतून आलेले यात्रेकरू पहाटेच वैनगंगेत स्नान करतात आणि ओलेत्यानेच दर्शनाच्या रांगेत उभे राहतात.