क्षयरोगातील रक्तस्राव : एक विरळ कारण

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम येथे १९२८ साली डॉ. डेव्हिड चौरी मुथु यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापन केले. आज तेथे छातीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. लगतच्या रेल्वे स्थानकाचे नाव मात्र अद्याप ‘तांबरम सॅनेटोरियम’ असेच आहे. अशा रुग्णालयांना ज्या उपद्रवाशी झुंजावे लागते, त्यांपैकी एक म्हणजे खोकल्यावाटे एकाएकी रक्त पडणे. रक्त किती गेले यापेक्षा ते श्वासनलिकांत भरून श्वास कोंडतो, हाच त्यातील मोठा धोका होय.

हे रक्त येते कोठून? फुप्फुसास दोन मार्गांनी रक्त मिळते. फुप्फुस-रोहिणी हृदयाकडून रक्त प्राणवायू घेण्यासाठी आणते. तिच्यातील दाब कमी असतो. श्वासनलिकांचे पोषण करणाऱ्या बारीक रोहिण्या बहुधा महारोहिणीपासून निघतात. त्यांतील दाब अधिक असतो. क्षयातील बहुतेक मोठे रक्तस्राव या दुसऱ्या मार्गाने होतात. क्वचित मात्र निराळेच घडते. क्षयाने पोखरलेल्या विवराच्या भिंतीलगत फुप्फुस-रोहिणीची एखादी शाखा असते. दाहामुळे तिचे आवरण झिजते, दुबळ्या जागी ती फुगते आणि कधी फुटते. डेन्मार्कमधील डॉक्टर रासमुसेन यांनी १८६८ साली या विकृतीचे वर्णन केले; तिला त्यांचेच नाव मिळाले आहे.

साध्या क्ष-किरणचित्रात विवर दिसते, पण हा फुगवटा बहुधा ओळखू येत नाही. कारण रक्त आणि सभोवतालचा घट्ट झालेला भाग क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य टोचले म्हणजे रक्त किरणांना अधिक अडवू लागते. त्याच वेळी सी.टी. यंत्राने छातीची पातळ छेदचित्रे घेतली असता फुगवटा रोहिणीप्रमाणेच उजळ दिसतो.

या निदानावर उपचाराची दिशा ठरते. रक्तस्रावाची वाट बंद करण्यासाठी बारीक नळी आत सरकवितात. श्वासनलिकांच्या रोहिण्यांकडे ती सामान्यतः जांघेतील रोहिणीतून महारोहिणीच्या वाटेने जाते. फुप्फुस-रोहिणीकडे जाण्यास मात्र शिरेतून, हृदयाच्या उजव्या कप्प्यांमधून जावे लागते. उगम ओळखण्यात चूक झाल्यास एक वाहिनी बंद करूनही रक्त वाहतच राहते.

फुगवटा बंद झाला तरी मूळ क्षय शिल्लकच असतो; त्यावरील औषधे ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावीच लागतात. खोकल्यातून थोडेही रक्त दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठणे हाच शहाणपणा होय.