गाडी लावण्याआधी तिथी बघा

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली एक फेरारी बैलगाडीला बांधून ओढून काढली, तो व्हिडिओ मध्यंतरी घरोघरच्या मोबाइलवर फिरला. बघणारे पोट धरून हसले. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. फेरारी रोज येत नाही एवढंच. बाकी गाड्यांसाठी ट्रॅक्टरवाल्याला हाका मारण्याची वेळ नागाव, काशीद, दिवेआगरला मोसमात वरचेवर येते. गुजरातेतही वेगळं नाही. जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याला रील काढण्याच्या नादात दोन थार समुद्रात अडकल्या, जुलै २०२५ मध्ये सुरतजवळच्या डुमसला एक मर्सिडीज रुतली. गाडी किती लाखांची आहे हे ओली वाळू विचारत नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्या वाढल्या आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकर तासाभरात गाडीसकट अलिबाग तालुक्यात उतरू लागला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तेव्हा वडखळच्या कोंडीला कंटाळून घरी बसणारेही निघाले. नागाव, चौल, अक्षीचे रस्ते मात्र होते तेच राहिले. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं आणि मधून एसटी.

शहरातली पार्किंगची सवय इथे पुरी पडत नाही, कारण इथे मोकळी दिसणारी जागा मोकळी असतेच असं नाही. कुठे ती भरतीच्या पाण्याची असते, कुठे माडाखालची, कुठे मासळी वाळवणाऱ्या कोळणीची. जागा कोणाची आहे हे आधी विचारून लावलेली गाडी सहसा सुखरूप घरी जाते.

पहिला मान समुद्राचा. प्रस्तुत लेखकाने नागावला पाहिलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, सुट्टीचा दिवस. सकाळी पाणी लांबवर ओसरलेलं आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट दिसणारी. एक पांढरी सेडान सुरूच्या झाडांमधून उतरून थेट त्या वाळूवर जाऊन उभी राहिली. घोडागाडीवाला पोरगा जाता जाता म्हणाला, "दादा, गारी वर घ्या, पानी येतंय." "पाच मिनिटांत काढतो रे," असं उत्तर मिळालं आणि मंडळी बनाना बोटीच्या रांगेत गेली. दुपारी पाण्याची पहिली धार मागच्या चाकाला लागली, तेव्हा धावपळ सुरू झाली. चालकाने जोरात ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी फिरलं, वाळू उडाली आणि पाहता पाहता गाडीचं पोट वाळूला टेकलं. कोणीतरी दोरखंड आणून बंपरला बांधला. पहिल्याच हिसक्याला बंपर सुटून हातात आला.

ट्रॅक्टरवाला पोचला, त्याने बंपर बाजूला ठेवला आणि चालकाला विचारलं, "टूलकिट कुठाय?" डिकीतल्या स्टेपनीच्या खोबणीतून त्याने लोखंडी हूक काढला, गाडीच्या पुढच्या बाजूचं भोक शोधून त्यात तो आट्यांवर घट्ट फिरवला आणि दोर त्याला अडकवला. बाकीच्यांनी हातांनी चाकांपुढची वाळू उपसली आणि माडाच्या सुक्या झावळ्या चाकाखाली सारल्या. गाडी निघाली. तो हूक आपल्या गाडीत आहे, याचा मालकाला पत्ताच नव्हता.

यातला बराचसा त्रास पंचांगाने वाचला असता. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. द्वितीयेला दीड. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या मागेपुढे उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. उतार कमी असलेल्या किनाऱ्यावर एवढं पाणी चढायचं म्हणजे ते आडवं किती आत येईल, याचा अंदाज शहरातल्या माणसाला येत नाही. सकाळी सर्वांत रुंद दिसणारी पुळण दुपारी सर्वांत अरुंद होते ती याच दिवसांत. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी वेळ का सांभाळायची, त्याचंही हेच कारण.

तेव्हा गाडी पुळणीवर न्यायचीच नाही. जिथे वाळू सुरू होते तिथे चाक थांबलं पाहिजे. तरीही रुतली, तर ॲक्सिलरेटर दाबू नये. माणसं उतरवावीत, वाळू उपसावी, टायरमधली थोडी हवा कमी करावी, दोर हुकालाच बांधावा. आणि इंजिनात पाणी शिरलं असेल असा नुसता संशय आला तरी स्टार्टर फिरवू नये. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. पाणी शिरल्यावर गाडी पुन्हा सुरू करून इंजिन गेलं, तर नेहमीच्या विम्यात त्याची भरपाई मिळणं कठीण जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कलम घ्यावं लागतं. समुद्राकाठी वरचेवर जाणाऱ्याने पॉलिसी काढून ते आहे की नाही हे पाहून ठेवावं.

समुद्रापासून गाडी वाचवली की माणूस सावली शोधतो आणि नेमका माडाखाली जातो. उन्हाळ्यात वाडीतली ती सावली मोह पाडणारीच असते. पण वाडीतला माणूस स्वतःची स्कूटरसुद्धा घडांनी लगडलेल्या माडाखाली लावत नाही. नारळ पंचवीस-तीस फुटांवरून सुटला तर काच शाबूत राहत नाही आणि टपावर खळगा पडतो. सुकलेली झावळी वाऱ्यावर सुटली की तिचा जाड देठ बॉनेटवर आपटतो. होमस्टेवाल्याला नुसतं विचारलं, "पाडेली कधी येऊन गेला?" तरी नारळ काढणाऱ्याने कोणता माड नुकताच उतरवला आहे हे कळतं. सुरूच्या बनातही डोळे मिटून विसंबू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किती झाडं आडवी केली, हे इथल्या माणसाच्या अजून ध्यानात आहे. जोराच्या वाऱ्यात गाडी उघड्यावर असलेली बरी.

तिसरा मान फाटकाचा. वाडीचं फाटक बंद दिसलं म्हणजे आत कोणी राहत नाही, असा समज करून गाडी आडवी लावली जाते. आत आजारी माणूस असतो, आंब्याच्या पेट्या घेऊन निघणारा टेम्पो असतो. वळणावर लावलेल्या एका गाडीने एसटी अडते आणि तिच्यामागे सगळं गाव. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ धोक्याच्या किंवा अडथळ्याच्या जागी गाडी सोडून जायला मनाई करतं, कलम १२७ पोलिसांना ती हलवण्याचा अधिकार देतं. किरकोळ नियमभंगासाठी कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि नंतर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गावकऱ्यांचा उपाय जुना आहे: "गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल." अशा पाटीला या भागात मोठी परंपरा आहे. मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा शके ९३४ चा शिलालेख याच अक्षी गावातला, आणि त्यातही दान मोडणाऱ्याला दिलेली गधेगाळ, म्हणजे शापवाणी, कोरलेली आहे. हवा सोडणं कायद्यात बसत नाही, पण पाटी लावणाऱ्याचा वैताग समजून घेण्यासारखा आहे. फाटकासमोर पाच मिनिटं थांबावंच लागलं, तर चालकाने गाडीत बसून राहावं आणि फोन नंबरची चिठ्ठी काचेमागे ठेवावी.

बंदरावर तर गाडी लावण्याआधी दोनदा विचार करावा. होड्या लागल्या की मासळी उतरते, बर्फाचे टेम्पो येतात, लिलाव होतो; त्या घाईत धक्क्यावर उभी असलेली पर्यटकाची गाडी सगळ्यांच्या आड येते. सकाळी रिकामा दिसणारा सिमेंटचा ओटा थोड्याच वेळात सुकटीने भरणार असतो. जंजिऱ्याला जाताना राजपुरीला, तसंच आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेश्वीच्या जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, गाडी नेताना, तिथल्या माणसाच्या हाताकडे बघून ती लावावी. बोटीत गाड्या खेटून उभ्या करतात. आरसे मिटवावेत, हँडब्रेक ओढावा, गिअर टाकून ठेवावा. मॉलच्या तळघरात दुसऱ्यांना ढकलता यावी म्हणून गाडी न्यूट्रलला ठेवायची जी सवय लागलेली असते, ती उतरत्या धक्क्यावर गाडीला थेट पाण्यात पोचवते.

आता किल्ली. समुद्रात उतरणाऱ्या माणसाची ही सर्वांत मोठी अडचण. रिमोटची किल्ली खिशात ठेवून डुंबलं की खारं पाणी आतल्या सर्किटला खातं आणि ओल्या कपड्यांतलं कुटुंब बंद गाडीबाहेर उभं राहतं. टायरवर किंवा वायपरखाली किल्ली लपवणं त्याहून वाईट, कारण लपवताना बघणारे डोळे असतात. सोबतचं एक माणूस किनाऱ्यावर कोरडं ठेवावं आणि किल्ली त्याच्याकडे द्यावी. बहुतेक रिमोटच्या पोटात साधं लोखंडी पातं असतं. ते कसं निघतं हे घरीच पाहून ठेवावं. पर्स, लॅपटॉपची बॅग सीटवर दिसेल अशी ठेवू नये. आणि डिकीत ठेवायचीच असेल, तर ती किनाऱ्यावर पोचण्याआधी ठेवावी.

पार्किंगच्या पाटीवर हमखास लिहिलेलं असतं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. ती पाटी प्रत्येक वेळी अंतिम नसते. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात १९९८ मध्ये व्हॅलेकडे किल्लीसह दिलेली मारुती झेन चोरीला गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गाडी किल्लीसकट ताब्यात घेतल्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी हॉटेलची, आणि निष्काळजीपणा झाला असेल तर पाटी दाखवून अंग झटकता येणार नाही. मुद्दा ताब्याचा होता. म्हणून रिसॉर्टवर किल्ली दिली तर टोकन घ्यावं, त्यावर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्यावी. ग्रामपंचायतीच्या पार्किंगमध्ये पैसे दिले तर छापील पावती मागावी. गाडी लावल्याबरोबर चारही बाजूंचे फोटो काढायला मिनिटही लागत नाही आणि ओरखडा आधीचा की नंतरचा हा वाद तिथेच मिटतो. चोरी झाली तर आधी पोलिसांत तक्रार, लगेच विमा कंपनीला कळवणं, आणि दोन्ही किल्ल्या जपून ठेवणं, कारण कंपनी त्या मागते.

आपल्याकडून दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागला तर? आजूबाजूला कोणी पाहिलं नाही असं पाहून निघून जाणारे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करणाऱ्या चालकाला माहिती लपवता येत नाही. नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी वायपरखाली ठेवावी. समोरचा बहुधा चार शब्द बोलतो आणि पुढे गॅरेजच्या बिलावर बोलणी होतात.

घरी परतल्यावर पहिल्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवावी, आणि वरून चमकवण्यापेक्षा खालून धुवावी. खारा वारा आणि वाळू चाकांच्या कमानीत, सायलेन्सरच्या पाइपावर, दारांच्या खालच्या कडांत बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

रायगडच्या किनारी ग्रामपंचायतींना एवढीच विनंती: पार्किंगची पावती फाडणाऱ्या टेबलाशेजारी एक साधा फळा टांगा आणि त्यावर रोज सकाळी खडूने लिहा, आजची पूर्ण भरती किती वाजता आणि गाडी कुठल्या खुणेच्या खाली न्यायची नाही. आणि येणाऱ्या पाहुण्यांनी तो वाचल्याशिवाय हँडब्रेक ओढू नये.