नोकरी सांभाळून पदवी : विद्यापीठाची निवड करताना

शिक्षण आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि पुढे सेवाग्रामच्या परिसरात नई तालीमचा प्रयोग उभा राहिला. हाताला काम असतानाच बुद्धीचे शिक्षण व्हावे, हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. त्यावेळी विचार लहान मुलांचा होता. आज तोच प्रश्न प्रौढांच्या बाबतीत पुढे आला आहे. आष्टी तालुक्यातील अंगणवाडी सेविका, हिंगणघाटच्या गिरणीत पाळी करणारा कामगार किंवा समुद्रपूरच्या एखाद्या ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक यांना काम सोडून महाविद्यालयात जाऊन बसणे शक्य नसते. पदवीची गरज मात्र त्यांना असते. दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण ही त्यांच्यासाठी मोठी सोय झाली आहे. परंतु जेथे गरज मोठी, तेथे फसवणुकीलाही वाव मोठा, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

पत्रद्वारा ते ऑनलाइन

भारतात पत्रद्वारा पदवी शिक्षणाचा आरंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केला. १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू, अस्तित्वात आले. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. या दोन्ही विद्यापीठांची विभागीय केंद्रे नागपुरास आहेत. खुद्द वर्ध्यात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयानेही दूरशिक्षणाचा विभाग चालविला आहे.

या शिक्षणाला आता निश्चित नियमांची चौकट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त व दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्रित विनियम जारी केले. मान्यताप्राप्त संस्थेने या विनियमांनुसार दिलेली पदवी ही नियमित वर्गात बसून मिळविलेल्या पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये जाहीर सूचनेद्वारे स्पष्ट केले. म्हणजे ऑनलाइन पदवी कमी दर्जाची ही समजूत चुकीची होय. मात्र ही समकक्षता मान्यतेवर अवलंबून आहे. मान्यता नसेल तर हाती केवळ कागद उरतो.

एका निर्णयाचा धडा

ओडिशातील एका शासकीय महामंडळातील बढतीच्या वादातून निर्माण झालेल्या खटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निर्णय दिला. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता नसताना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळातील प्रवेशांवर दिलेल्या पदव्या न्यायालयाने निलंबित केल्या आणि त्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊन पात्रता सिद्ध करण्याची संधी दिली. त्यानंतरच्या प्रवेशांवरील पदव्या रद्द ठरल्या. त्या पदव्यांच्या आधारे मिळालेली बढती काढून घ्यावी, मात्र मिळालेला आर्थिक लाभ वसूल करू नये, असे न्यायालयाने म्हटले. यातील अनेकांनी नोकरी सांभाळून, पदरचा पैसा खर्चून अभ्यास केला होता. चूक संस्थांची होती, परंतु झळ विद्यार्थ्यांना पोचली. म्हणून चौकशी प्रवेशानंतर नव्हे, प्रवेशापूर्वी करावयाची असते.

पाच गोष्टींची खात्री

पहिली गोष्ट विद्यापीठाची. पदवी देण्याचा अधिकार केवळ केंद्र वा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ मध्ये हे नमूद आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. तिच्यात महाराष्ट्रातील नावही आलेले आहे, तेव्हा हा प्रकार दूरच्या राज्यांतच घडतो असे मानू नये.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. विद्यापीठ खरे असले म्हणजे त्याचा प्रत्येक दूरस्थ अभ्यासक्रम मान्य असतोच असे नाही. आयोगाचा दूरशिक्षण विभाग, ज्याला संक्षेपाने डेब म्हणतात, आपल्या संकेतस्थळावर मान्य संस्था व अभ्यासक्रमांची यादी देतो. त्या यादीत संस्था, अभ्यासक्रम, पद्धती आणि शैक्षणिक सत्र या चारही बाबी जुळावयास हव्यात. गेल्या वर्षीच्या मान्यतेवर या वर्षी विसंबू नये.

तिसरी गोष्ट कार्यक्षेत्राची. राज्य विद्यापीठाचे दूरशिक्षण सामान्यतः त्याच्या राज्यापुरते मर्यादित असते. ऑनलाइन अभ्यासक्रमांना ही मर्यादा नाही. परराज्यातील एखाद्या विद्यापीठाचे ‘अभ्यासकेंद्र’ म्हणून देवळी किंवा आर्वीच्या बाजारपेठेत फलक लागला, तर तेथे शंका घेणेच योग्य. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम खाजगी मध्यस्थाकडे चालवावयास देता येत नाही, असे आयोगाने बजावलेले आहे.

चौथी गोष्ट विषयाची. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, विधी आदी विषयांच्या पदव्या या पद्धतीने घेता येत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषण व आहारशास्त्र यांसह आरोग्याशी निगडित विषयही वगळण्यात आले आहेत. पीएच.डी. दूरशिक्षणाने मिळत नाही. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची स्वतंत्र मान्यता लागते, याची शिक्षकांनी विशेष नोंद घ्यावी.

पाचवी गोष्ट पैशाची. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे आणि पावती विद्यापीठाच्या नावाची घ्यावी. २०२४ पासून विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी डेबच्या संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी करून ओळखक्रमांक घ्यावयाचा आहे. त्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीचे खाते लागते. ही नोंदणी दुसऱ्याच्या हाती सोपवू नये. ‘परीक्षेची काळजी आमची’ किंवा ‘मागील वर्षाची तारीख घालून पदवी देऊ’ असे सांगणारा मनुष्य शिक्षणाचा नव्हे, फसवणुकीचा व्यवहार करीत असतो, हे निश्चित समजावे.

वेळेचा हिशेब

विद्यापीठ खरे आहे एवढे पुरेसे नाही. ते शिक्षण आपल्याला झेपेल काय, हाही विचार हवा. मुक्त विद्यापीठांच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. १२० श्रेयांकांची पदवी धरली तर ३,६०० तास होतात. तीन वर्षांत ते पूर्ण करावयाचे म्हणजे रोज सव्वातीन तास झाले. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत किंवा निवडणुकीच्या कामात एवढा वेळ निघणे कठीण आहे. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. त्या गतीने रोजचे तास निम्म्यावर येतात. आपल्या विद्यापीठाची अशी कमाल मुदत किती, परीक्षा कोठे होते, पुस्तके मराठीत मिळतात काय, घरी आंतरजालाची जोडणी नीट चालते काय, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत.

त्याचप्रमाणे पदवी कशासाठी हवी, हेही ठरवावे. बढतीसाठी हवी असेल तर सेवाप्रवेश नियमांत कोणती पदवी व कोणते विषय सांगितले आहेत ते प्रथम वाचावे. शासकीय कर्मचाऱ्याने कार्यालयप्रमुखाची लेखी अनुमती घेऊन ठेवणे हिताचे ठरते. एखाद्याच विषयाचे ज्ञान हवे असेल तर पदवीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचावर २०१७ पासून अनेक अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत.

गावपातळीवरील कर्तव्य

ही माहिती संकेतस्थळांवर आहे, परंतु ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचतेच असे नाही. या कामी शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा मोठा उपयोग होऊ शकेल. प्रवेशाची सत्रे मुख्यतः जुलै आणि जानेवारीत सुरू होतात. त्यापूर्वीच्या ग्रामसभेत पाच मिनिटे या विषयासाठी राखावीत. ग्रामपंचायतीच्या संगणकावर डेबची यादी उघडून दाखवावी आणि मान्य संस्थांची नावे सूचनाफलकावर लावावीत. जे फसले असतील त्यांना दोष न देता आयोगाकडे व पोलिसांकडे तक्रार करण्यास साह्य करावे.

दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाची जिद्द मोठी असते. त्याच्या कष्टाचे सार्थक व्हावे आणि त्याने मिळविलेली पदवी कोणत्याही कार्यालयात, कोणत्याही तपासणीत टिकावी, यासाठी प्रवेश घेण्यापूर्वी तासभर चौकशी करणे पुरेसे आहे. तो तास वाचविण्याच्या नादात पुढील तीन वर्षे वाया जाऊ नयेत.