शौचाची विषाणू तपासणी: पैसे कुठे मोजायचे, कुठे नाही

लेकराला जुलाब लागले की खासगी लॅबमध्ये आधी ‘स्टूल रुटीन’ होते. साधारण 100 ते 300 रुपये. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी, अमिबा, पू-रक्तपेशी दिसतात. विषाणू दिसतच नाहीत. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी विषाणू असू शकतो.

विषाणूसाठी रोटा आणि ॲडिनो या विषाणूंचं रॅपिड कार्ड असतं. काही शे ते हजार-दीड हजार, निकाल अर्ध्या तासात. त्यापुढची पायरी पीसीआर पॅनलची, म्हणजे जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीची. काही पॅनल एकाच नमुन्यात 22 रोगजंतू शोधतात, त्यातले पाच विषाणू. नमुना बहुधा मोठ्या शहरात जातो आणि बिल दहा-पंधरा हजारांच्या घरात. शौचातले पित्तक्षार पीसीआरची क्रिया अडवू शकतात, मग विषाणू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. म्हणून ‘इंटर्नल कंट्रोल’ (क्रिया अडली तर ते दाखवणारी सोय) आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. डायपरमध्ये मुरलेला किंवा लघवी मिसळलेला नमुना देऊ नका.

माझं स्पष्ट मत: एरवी धडधाकट असलेल्या मुलाच्या साध्या जुलाबात पॅनल करू नये. विषाणू कोणताही निघो, उपचार ओआरएस आणि 14 दिवस झिंक हाच. दोन्ही आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. रोटाची लसही 2019 पासून महाराष्ट्रात 6, 10 आणि 14 आठवड्यांना मोफत आहे. केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा जुलाब आठवडेच्या आठवडे हटत नसतील, तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने हा खर्च करावा.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या मोफत आहेत. पण उदाहरणार्थ यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणून तिथे शुल्क आधी विचारून घ्या.

एक तपासणी मात्र चुकवूच नका. 15 वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोलिओची शंका फेडायला लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेतात; प्रत्येकी सुमारे 8 ग्रॅम, म्हणजे अंगठ्याएवढा. ते बर्फाच्या डब्यातून 72 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवतात. डबी, बर्फ, वाहतूक, तपासणी, सगळा खर्च सरकारचा. कुणी एक रुपया जरी मागितला तरी देऊ नका. थेट तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.